रुग्णाच्या वतीनं कोण बोलणार? : परिचारिका, निर्णय आणि नेतृत्व

(येरमाळा येथे परिचारिका दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी त्यांना म्हणालो, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. आयुष्यभर खडू धरला, सुई कधी धरली नाही. समोर सगळ्या सिस्टर बसणार, त्यांना मी काय सांगणार? त्यावर ते म्हणाले, सर, दरवर्षी १२ मेला आम्ही कुणाला तरी बोलावतो आणि तो माणूस सेवा, त्याग, ममता, मातृहृदय यावर तासभर बोलतो. सिस्टरांना पुष्पगुच्छ मिळतो आणि त्या परत ड्युटीवर जातात. तुम्ही निर्णयावर बोला. मला हे पटलं. कारण ममतेचं कौतुक करता करता आपण या बायकांच्या बुद्धीचा एक मोठा हिस्सा झाकून टाकला आहे, असं माझं बरेच दिवसांचं मत आहे.

माझी सवय अशी की शब्दापासून सुरुवात करायची. विद्यार्थी कंटाळायचे, तुम्हीही थोडं सोसा. 'नेता', 'नीती' आणि 'निर्णय' हे तीन शब्द संस्कृतातल्या एकाच धातूपासून आले आहेत. तो धातू म्हणजे 'नी'. नेणे. आपण मराठीत रोज वापरतो, 'दळण ने', 'पोराला शाळेत ने'. नेता म्हणजे पुढं उभा राहून हात हलवणारा नव्हे, तर नेणारा. आणि निर्णय म्हणजे गोष्ट अडलेली असते तिथून ती पलीकडं नेणं. आता 'परिचारिका' बघा. तिथं धातू 'चर्' आहे, आणि 'परि' म्हणजे भोवती. भोवती फिरणारी. आपल्या भाषेनंच कामाची वाटणी करून ठेवलेली दिसते. एकानं न्यायचं, दुसरीनं भोवती फिरायचं. मला आज एवढंच तपासायचं आहे की ही वाटणी खरी आहे का.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक छोटासा अध्याय आहे, नववा. त्यात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. शुश्रूषा करणाऱ्याचे गुण कोणते? उपचारांचं ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि स्वच्छता. लक्षात घ्या, ज्ञान पहिलं आहे, आपुलकी नंतर. चरक वैद्यालाच प्रमुख मानतो, त्यात शंका नाही. पण माझं लक्ष खरं म्हणजे चौथ्या पायाकडं आहे. रोग्याचेही चार गुण सांगितलेत आणि त्यातला एक आहे 'ज्ञापकत्व'. म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. कुठं दुखतं, कधीपासून, कसं.

आता मला सांगा, रोग्याचं ज्ञापकत्वच गेलं तर? बेशुद्ध आहे, भुलीत आहे, महिन्याचं बाळ आहे, लकवा मारून वाचा गेली आहे. मग त्या खाटेच्या एका पायाचं काय करायचं? खाट तर तीन पायांवर उभी राहत नाही. अशा वेळी तो पाय कुणीतरी खांद्यावर धरतं, आणि बहुतेक वेळा ती माणूस डॉक्टर नसते. डॉक्टर राउंडला येतात, पाच मिनिटं थांबतात, फार तर दहा. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं त्या खाटेपाशी सिस्टर असते. माझं आजचं म्हणणं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी आपल्या इकडचंच उदाहरण घेऊ. महिन्यापूर्वी येडेश्वरीची चैत्री यात्रा झाली. चुन्याचे खडे वेचायला लाखो लोक लोटतात, उन्हाचा कहर असतो. आरोग्य विभागाचं पथक बसतं तिथं एखादी सिस्टर कशी काम करते ते कधी बाजूला उभं राहून बघा. रांगेत दहा जण. एक जण मोठ्यानं कण्हतोय, नातेवाईक आरडाओरडा करतायत. एक म्हातारी गप्प बसलीय, अंग कोरडं, बोलण्यात तारतम्य नाही. सिस्टर आरडाओरड्याकडं बघत नाही, ती म्हातारीला आधी आत घेते. नातेवाईक भांडतात, 'आमचा नंबर होता.' हा निर्णय आहे. कुणी त्याची नोंद करत नाही, पण उन्हात घाम येणं थांबलेला माणूस कण्हणाऱ्यापेक्षा मरणाच्या जवळ असतो हे तिला माहीत असतं.

किंवा उपकेंद्रातलं बाळंतपण घ्या. बाळ झालं, रडलं, घरचे खुश. पण आईचं रक्त थांबत नाही. गर्भाशय आकसायला हवं, ते लोण्यासारखं मऊच लागतंय. सिस्टरनं ऑक्सिटोसिन दिलं आहे, पोट चोळते आहे. पाचशे मिलीलिटरच्या वर रक्त गेलं की त्याला प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव म्हणतात, हे पुस्तकात आहे. पण जमिनीवरच्या कपड्यांत मुरलेलं रक्त कोण मोजणार? ते डोळ्यानंच मोजायचं. आणि अशा रक्तस्रावात उपचार मिळाले नाहीत तर बाईच्या हातात साधारण दोन तास असतात. इथून बार्शी, धाराशिव किंवा सोलापूर, गाडी येण्याचा वेळ धरा, वाटेतला वेळ धरा. म्हणजे निर्णयाला उरतात पंधरा-वीस मिनिटं. लवकर पाठवलं आणि रक्त वाटेतच थांबलं, तर 'सिस्टरनं हात झटकले, उगीच घाबरवलं' असं गाव म्हणतं. उशीर झाला तर काय म्हणतं ते सांगायला नको. मी म्हणतो, ज्या बाईला दोन्हीकडून बोल खावे लागतात तीच निर्णय घेत असते. नुसता हुकूम पाळणाऱ्याला एकाच बाजूनं बोल बसतो.

इथं एक जण म्हणेल, सर, एवढी जबाबदारी पेलायला मोठं शिक्षण लागतं. लागतं की. पण शिक्षण म्हणजे पदवीच असं नाही. आपल्यापासून फार लांब नसलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, आणि त्यांना आरोग्याचे निर्णय घ्यायला शिकवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतला त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बाळाला जंतुसंसर्ग झालाय की नाही, इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या बायका ठरवत होत्या. त्या वेळी यावर पुष्कळ लोकांनी नाक मुरडलं. आज देशभरची आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते, त्यामागं हा अनुभव आहे.

आता ही जी नजर आहे, म्हातारीला आधी आत घेणारी, ती काय चीज आहे? ॲरिस्टॉटलनं ज्ञानाचे प्रकार केले, त्यात 'फ्रोनेसिस' नावाचा एक आहे. मी वर्गात त्याला 'व्यवहारविवेक' म्हणायचो. गणित लहान पोरालाही येऊ शकतं, पण व्यवहारविवेक लहान पोराला येत नाही असं तो म्हणतो, कारण तो अनुभवातून येतो. नियम सर्वसाधारण असतात आणि समोरचा माणूस एकच असतो, त्या दोघांमधलं अंतर हा विवेक तोडतो. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकेतल्या परिचारिका-अभ्यासिकेनं १९८४ साली हेच नर्सिंगमध्ये दाखवलं. नवशिकी नर्स नियम बघते, जाणती नर्स परिस्थिती बघते. तुम्ही विचारता, 'तुम्हाला कसं कळलं पेशंट बिघडणार?' ती म्हणते, 'बघूनच कळलं.' आपण याला स्त्रीची अंतःप्रेरणा वगैरे म्हणतो. मला ते मान्य नाही. हजारो चेहरे बघून साठलेलं ते ज्ञान आहे. त्याला अंतःप्रेरणा म्हटलं की त्याचा पगार द्यावा लागत नाही, एवढाच फरक.

पण थांबा. या 'बघूनच कळलं'मध्ये एक अडचण आहे, आणि ती सिस्टरांनी ऐकावी असं मला वाटतं. मला कळलं, हे दुसऱ्याला कसं पटवायचं?

यावर एक घरातली गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचं पोटाचं ऑपरेशन झालं. शहराचं नाव सांगत नाही, दवाखान्याचंही नाही. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. रात्री दीडच्या सुमारास ड्युटीवरच्या सिस्टर आल्या, बीपी बघितलं, आणि मग घड्याळ हातात धरून उभ्याच राहिल्या. मला वाटलं नाडी मोजतायत. त्या श्वास मोजत होत्या. पूर्ण एक मिनिट. गेल्या, डॉक्टरांना फोन केला. फोनवरून उत्तर आलं, बीपी ठीक आहे ना, सकाळी बघू. पंधरा मिनिटांनी त्या पुन्हा आल्या, पुन्हा मोजले, पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला मला बाहेरपर्यंत ऐकू आला, त्यांचा नव्हे, पलीकडचा. मग त्यांनी वहीत वेळ घालून सगळं लिहिलं आणि थेट वरच्या डॉक्टरांना उठवलं. आत रक्तस्राव चालू होता. पहाटे पुन्हा ऑपरेशन झालं, बायको वाचली, पुढं सतरा वर्षं माझ्याशी भांडायला होती.

घरी जाताना मी त्या सिस्टरांना विचारलं, आणि काही निघालं नसतं तर? त्या म्हणाल्या, 'तर बोलणी खाल्ली असती. बोलणी खाऊन कुणी मरत नाही, सर.'

श्वासाचं मला त्यानंतर समजलं. बीपी शरीर बराच वेळ सांभाळून धरतं, श्वास आधी वाढतो. आणि तक्त्यावर सगळ्यात जास्त वेळा अंदाजानं लिहिला जाणारा आकडाही श्वासाचाच. सगळ्यांचे अठरा, सगळ्यांचे वीस. हसू नका, तुम्हालाही माहीत आहे. कारण मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं आणि एका सिस्टरकडं चाळीस पेशंट असतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागं एक परिचारिका असा आहे. चाळीसांमागं एक असेल तर तिला विवेक दाखव म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. लक्ष द्यायला वेळ लागतो. हा तत्त्वज्ञानाचा मुद्दा नाही, पण त्याच्याशिवाय तत्त्वज्ञानाला अर्थ नाही.

तर पटवण्याची गोष्ट. 'सर, पेशंट बरा वाटत नाहीये' एवढं फोनवर सांगून भागत नाही. अमेरिकेच्या नौदलाच्या पाणबुड्यांत बोलण्याची एक पद्धत होती, ती नंतर रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. चार वाक्यं. 'सर, पेशंटचे श्वास मिनिटाला अठ्ठावीस आहेत. काल ऑपरेशन झालंय, संध्याकाळी श्वास अठरा होते. मला वाटतं आत रक्तस्राव असावा. तुम्ही आत्ता येऊन बघावं.' यातली पहिली दोन वाक्यं आपल्या सिस्टर उत्तम बोलतात. तिसऱ्याला जीभ अडखळते, कारण 'मला वाटतं' म्हणायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. चौथं तर अगदी शिरजोरी वाटते. माझ्या मते परिचारिकेचं नेतृत्व सुरू होतं ते तिसऱ्या वाक्यापाशी. इन्चार्ज झाल्यावर, परिसेविकेची ऑर्डर हातात पडल्यावर, ते आपोआप येत नाही.

डॉक्टरांना मी दोष देतोय असं समजू नका. त्यांचीही झोप मोडते. पण एखाद्या वॉर्डात सिस्टरला फोन करायची भीती वाटते की नाही, हे मला त्या वॉर्डाबद्दल यंत्रांच्या यादीपेक्षा जास्त सांगतं.

आता मुंबईला येऊ. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. कसाब आणि त्याचा साथीदार सीएसटीवर गोळीबार करून कामा रुग्णालयात शिरले. १८८६ सालचं हे बायकांचं नि मुलांचं जुनं रुग्णालय. अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या आणि त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. त्यांनी हल्लेखोरांना आत येताना पाहिलं, पहारेकऱ्यांना गोळ्या लागताना पाहिलं. त्यांनी वॉर्डाची जड दारं लावून घेतली, सगळ्या बायकांना टोकाच्या पँट्रीत हलवलं, दिवे मालवले. जखमी झालेल्या सहकारी महिलेला उपचारासाठी पोचवलं. एवढ्यावर भागलं नाही. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तिला रक्तदाबाचा त्रास. डॉक्टर तिथवर येऊ शकत नव्हते. बाहेर गोळ्या नि बॉम्बचे आवाज. अंजलीताईंनी तिला भिंतीच्या आधारानं लेबर रूमपर्यंत नेलं आणि बाळंतपण सुखरूप झालं.

यात कुणाचा हुकूम होता? कुठल्या नियमावलीत हे लिहिलं होतं? एकोणीस बायका एका जागी सुरक्षित ठेवायच्या आणि विसावीला धोक्यातून न्यायचं. दाराआड थांबली तर प्रसूतीत जीव जाऊ शकतो, बाहेर काढलं तर गोळीनं. दोन्ही पारड्यांत मरण असताना वजन करायचं होतं, आणि तेही अंधारात. पुढं कसाबला ओळखायला आणि न्यायालयात साक्ष द्यायला त्या गेल्या, त्या गणवेश घालून. २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्यांनी हा अनुभव सांगितला. मला त्या गणवेशाचं फार महत्त्व वाटतं. मी इथं एक घाबरलेली बाई म्हणून आलेली नाही, कामावर होते त्या माणसाची साक्ष द्यायला आले आहे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

हा प्रसंग असाधारण होता, आणि त्यात बरोबर काय हे आपल्याला नंतर तरी स्पष्ट दिसतं. मला ज्याच्याकडं यायचं आहे ते प्रकरण असं नाही. तिथं आजही माझं मन पुरतं ठरत नाही.

परळचं केईएम रुग्णालय. अरुणा शानभाग ही उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची मुलगी, तिथं परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. लिहिलं गेलंय ते असं की त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल तिनं त्याला खडसावलं होतं, तक्रार करीन म्हणाली होती. म्हणजे या कथेतला पहिला निर्णय तिचा स्वतःचा आहे, एका परिचारिकेनं कामावर घेतलेला. आपण तिला नेहमी निपचित पडलेली म्हणूनच आठवतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली, तीही चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी.

त्यानंतर ती साडेएकेचाळीस वर्षं जगली. वॉर्ड नंबर चारच्या बाजूच्या खोलीत. घरचे हळूहळू दूर झाले. तिचं सगळं केलं ते परिचारिकांनी. कुस बदलणं, अंघोळ, अन्न बारीक करून भरवणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कुस दोन तासांनी बदलायची हा नेहमीचा नियम धरला तर तुम्ही हिशेब करा. दिवसाला बारा, वर्षाला चार हजार तीनशे ऐंशी, आणि एकेचाळीस वर्षांचे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. तिच्या अंगावर पाठीची जखम, बेडसोअर, झाली नाही हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नोंदलं गेलं. ज्यांनी घरात वर्षभर म्हातारा माणूस सांभाळला आहे त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल.

आणि हे कुणा एकीनं केलं नाही. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, पुढच्या आल्या, त्याही निवृत्त झाल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या आपल्या पुस्तकात व्यवस्थापनाबद्दल जे म्हटलंय त्याचा मतितार्थ असा, की मी असताना जे होतं ते मी नसतानाही होईल याची सोय लावणं म्हणजे प्रमुख असणं. दरवर्षी आपण तिचा दिवा आठवतो, हे विसरतो. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, ड्युटी देता-घेताना जी पाच मिनिटं दोन सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून बोलतात, तिथं हे नेतृत्व हातातून हातात जातं. १९८०च्या दशकात महापालिकेनं खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडं हलवायचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो मागं घ्यायला लावला. तोही निर्णयच होता, आणि वरच्यांच्या विरोधातला.

आता अवघड भाग. २००९ साली पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. या अवस्थेला जगणं म्हणता येत नाही, तिला अन्न भरवणं थांबवावं, शांतपणे जाऊ द्यावं. अर्जातलं वर्णन आणि रुग्णालयाचं म्हणणं यात तफावत होती, म्हणून न्यायालयानं तीन डॉक्टरांची समिती नेमली. रुग्णालयातून सांगितलं गेलं होतं की मासळी, कोंबडीचं सूप अशा आवडीच्या गोष्टी मिळाल्या की ती खुश दिसते, हसते. मज्जाविकारतज्ज्ञ म्हणतील, या प्रतिक्षिप्त क्रिया असू शकतात, त्यामागं जाणीव आहे असं सिद्ध होत नाही. एकच चेहरा, दोन वाचनं. दुसऱ्याचं मन आपल्याला कसं कळतं, हा आमच्या तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आम्ही तो वर्गात सोडवायचो, या बायका तो चमच्यानं सोडवत होत्या.

७ मार्च २०११ ला निकाल आला. न्यायालयानं भारतात पहिल्यांदाच काही अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, जीवनाधार काढून घेण्याला वाट दिली. पण अरुणाच्या बाबतीत अर्ज फेटाळला. कारण? तिच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न न्यायालयानं आधी सोडवला. विराणींना तिच्याबद्दल कळकळ आहे हे मान्य केलं, पण तिची निकटची हितचिंतक म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानलं. दिवसरात्र ज्यांनी सांभाळलं ते. आणि त्यांना ती जगायला हवी होती. केईएममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले.

मी तेव्हा निवृत्त होऊन थोडीच वर्षं झाली होती. पेपर वाचून मला आनंद झाला. एका परिचारिकेची शुश्रूषा हा नात्याइतका, किंबहुना नात्याहून मोठा, बोलण्याचा आधार आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं. दोन दिवसांनी मात्र एक प्रश्न सतावू लागला, तो अजून गेलेला नाही.

२०११ साली वॉर्डात असलेल्या किती जणींनी अरुणाला बोलताना ऐकलं होतं? बहुतेक जणींनी नाही. त्यांना आजची अरुणा आईला बाळ कळावं तशी कळत होती. पण ती काय म्हणाली असती, हे कसं कळणार? 'आम्हाला तिचं करायचं आहे' हे वाक्य खरं होतं, उदात्त होतं, पण त्याचा कर्ता 'आम्ही' आहे. चरकाच्या भाषेत सांगायचं तर ज्ञापकत्व दोन प्रकारचं आहे. एक, मला आत्ता काय होतंय. दुसरं, मला काय हवं आहे. पहिल्याची साक्ष परिचारिकेइतकी कुणी देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत तिची आपुलकी तिला मदतही करते आणि आडही येते. चरकानं आपुलकीला ज्ञानानंतर ठेवलं ते कदाचित म्हणूनच. हा कदाचित माझा, चरकाचा नव्हे.

न्यायालयालाही हे जाणवलं असावं. कारण निकालात एक वाट उघडी ठेवली होती. पुढं कधी केईएमच्या कर्मचाऱ्यांचंच मन बदललं, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा. त्यांचं मन बदललं नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं अरुणा गेली.

माझं मत विचाराल तर न्यायालयानं योग्य माणसांना विचारलं, पण अर्धाच प्रश्न विचारला. विराणी चुकल्या असंही मी म्हणणार नाही. त्यांनी अर्ज केला नसता तर हा कायदा इतका लवकर हलला नसता. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि प्रत्येकाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येईल असं सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. म्हणजे 'मला काय हवं आहे' हा ज्ञापकत्वाचा दुसरा भाग माणूस स्वतःच लिहून ठेवू शकतो. मी लिहून ठेवलं आहे. मुलगा चार दिवस बोलत नव्हता.

पण याच व्यवस्थेत मला एक उणीव दिसते. उपचार थांबवायचे का हे ठरवायला रुग्णालयात दोन वैद्यकीय मंडळं असतात, आधी एक, मग त्यावर दुसरं. उपचार करणारे डॉक्टर, विषयाचे तज्ज्ञ, जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेले डॉक्टर. सगळे डॉक्टर. परिचारिकेला तिथं खुर्ची नाही. ज्या देशात हा कायदा एका परिचारिकेच्या खाटेपाशी जन्मला, आणि ज्याच्या पहिल्याच निकालात परिचारिकांच्या शब्दावर सगळं ठरलं, तिथं पुढं त्यांचा शब्द घेण्याची तरतूदच नाही. तिला मत देऊ नका म्हणा हवं तर, वर सांगितलेल्या कारणानं मी तेही समजू शकतो. पण साक्ष? हा माणूस रात्री तीनला कसा असतो, ड्रेसिंग करताना कपाळाला आठी पडते का, मुलीचा आवाज आला की श्वास बदलतो का, हे मंडळाला कोण सांगणार? फाइल?

वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवतायत. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एका परिचारिकेनं विचारलं : सर, फोन उचललाच नाही तर?)

मी सांगणं सोपं आहे, करणं तुम्हाला आहे. पण त्या रात्रीच्या सिस्टरांनी केलं ते एवढंच. वेळ लिहिली, आकडे लिहिले, 'फोन केला, उचलला नाही' हे लिहिलं, आणि मग पुढच्या माणसाला फोन केला. लिहिलेलं असलं की पुढच्याला झोपेतून उठवायला बळ येतं. आणि दुसरं, तुमच्या रुग्णालयात वरच्या फोनचा क्रम भिंतीवर लावून घ्या, अधिसेविकांच्या सहीनं. मग तो तुमचा आगाऊपणा राहत नाही, पद्धत होते.

(दुसरा प्रश्न एका गृहस्थांचा : आमच्या वडिलांना नळीनं अन्न चालू आहे, चार महिने झाले. सिस्टर म्हणतात त्यांना कळतं, डॉक्टर म्हणतात कळत नाही. कुणाचं खरं धरायचं?)

दादा, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि कुणी स्टेजवरून सांगितलं तर ऐकू नका. पण एक करा. त्या सिस्टरांना विचारा, त्यांना कशावरून वाटतं. कधी, काय केल्यावर, किती वेळा. आठ दिवस त्यांच्याकडून ते लिहून घ्या. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा, सिस्टरांना सोबत घेऊन, आणि तिघं एकाच वेळी एका खाटेपाशी उभे राहा. आणि वडील बोलत होते तेव्हा या बाबतीत कधी काही म्हणाले होते का, ते भावंडांत बसून आठवा. हे काम सिस्टरांचं नाही, डॉक्टरांचंही नाही, ते तुमचं आहे.

बास. चहा आलाय वाटतं. रात्रपाळीच्या सिस्टर असतील त्यांना आधी द्या.